चंद्रावर तेव्हा भरदुपार असते

कोजागरीच्या रात्री गच्चीवर मसाला दुधाचं पातेलं आलं की पहिला घोट घेण्याआधी खिशातून बाहेर येतो तो मोबाइल. हात वर जातात, दोन बोटांनी चंद्र ताणून मोठा केला जातो आणि फोटोत उमटतो एक पांढराफटक गोळा. डाग नाहीत, ससा नाही, हरीण नाही. डोळ्यांना तर सगळं लख्ख दिसत असतं. मग कुणीतरी म्हणतं, "फोनचा कॅमेराच भिकार आहे." दुसरं कुणी समजूत घालतं, "अहो, अंधारात असंच येणार!" पहिलं म्हणणं बऱ्याचदा फोनवर अन्याय करणारं असतं. दुसऱ्यातली गंमत अशी, की अंधारात आपण असतो. चंद्र कडक उन्हात असतो.

पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळपास एका ओळीत येतात. चंद्राची आपल्याकडची बाजू पूर्ण उजळलेली असते. तिच्या मध्यावर कुणी उभं असतं तर सूर्य त्याच्या डोक्यावर आला असता. आपल्याकडे मध्यरात्र असते, तेव्हा तिथे भरदुपार असते. त्यामुळे चंद्राचा फोटो हा रात्रीचा फोटो नव्हेच. उन्हात तापलेल्या खडकाचा तो फोटो आहे, आणि सह्याद्रीतल्या कातळाला दुपारी बाराला जी सेटिंग लावू तीच, थोड्या फरकाने, त्याला लावायची.

फिल्मच्या काळातल्या छायाचित्रकारांचा यासाठी एक ठोकताळा होता. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ १६ ठेवा आणि आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) जितका असेल तितक्याव्या हिश्श्याचं शटर लावा; आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. उजेड मोजणारा मीटर नसला तरी फोटो नीट येतो. चंद्रासाठी यात एकच बदल करायचा: एफ १६ ऐवजी एफ ११, म्हणजे एक पायरी जास्त उजेड. कारण चंद्र अंगाने चांगलाच काळा आहे. पडलेल्या उन्हातला जेमतेम १२ टक्के उजेड तो परत फेकतो. झिजलेला डांबरी रस्ताही साधारण तेवढाच फेकतो. ज्याच्या रुपेरीपणावर पिढ्यान्‌पिढ्या प्रेमिक भाळले तो मुळात डांबराच्या रंगाचा आहे, आणि भोवतालच्या काळ्या आभाळामुळे तेवढा गोरा दिसतो!

इथे शंका येते: चंद्र ३,८४,००० किलोमीटर दूर आहे, मग एवढ्या अंतरात उजेड कमी होत नाही का? होतो. अंतर दुप्पट झालं की आपल्यापर्यंत येणारा उजेड चौथाई होतो. पण फोटोतली वस्तूची आकृतीही तेव्हा चौथाई जागेत आक्रसते. चौथाई उजेड चौथाई जागेत, म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला होता तेवढाच. म्हणून समोरची भिंत आणि पलीकडचा डोंगर एकाच उन्हात असतील तर दोघांना एकच सेटिंग चालतं, आणि म्हणूनच चंद्रालाही चालतं. मला तरी छायाचित्रणातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते, आणि नवशिक्यांच्या बहुतेक पुस्तकांत ती सापडत नाही.

फोनला हे ठाऊक नसतं. समोर काय आहे हे न कळणाऱ्या कॅमेऱ्यातल्या मीटरने एक गृहीत धरलेलं असतं: जगाची सरासरी काढली की मध्यम करडा रंग येतो. ते बऱ्याचदा जमूनही जातं. पण काळ्या म्हशीवर कॅमेरा रोखा, तो तिला करडी करेल. पांढरंशुभ्र धोतर चौकटभर घ्या, तेही मळकट करेल. इलाज उलटा वाटणारा आहे: म्हशीसाठी एक्स्पोजरची पट्टी उण्याकडे सरकवायची, धोतरासाठी अधिककडे. कोजागरीच्या आभाळात नव्याण्णव टक्के काळोख आणि इवलासा चंद्र. मीटर त्या काळोखाला करडा करायला जातो आणि त्या खटाटोपात चंद्र जळून पांढरा होतो. हल्ली काही फोन चंद्र ओळखतात आणि तपशील आपल्या पदरचे भरतात. ते चित्र छान दिसतं, पण त्याला फोटो म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे सारं गणित एका माणसाने रस्त्याच्या कडेला, घाईघाईत, मनातल्या मनात केलं आणि विसाव्या शतकातलं एक अतिशय गाजलेलं छायाचित्र घेतलं.

१९४१ सालचा हिवाळा तोंडावर आला होता. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मोटारीने सांता फेकडे परतत होता. सोबत आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. चामा नदीच्या खोऱ्यातला दिवस फारसा हाती न लागता गेला होता. वाटेत हर्नांडेझ नावाचं खेडं आलं. पूर्वेला बर्फाच्या डोंगरांवर चंद्र चढलेला, पश्चिमेला मावळतं ऊन ढगांच्या कडेला टेकलेलं, आणि त्या शेवटच्या उन्हात गावच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस चमकत होते. अ‍ॅडम्सने गाडी रस्त्याकडेला घातली आणि हे आणा, ते आणा असा आरडाओरडा सुरू केला. त्याचा कॅमेरा ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा, तिवईवर चढवायचा, काळ्या कापडाखाली डोकं घालून पाहायचा. हे अवजड धूड उभं राहिलं, आणि मग कळलं की मीटर सापडत नाहीये.

मीटर नाही, ऊन निसटतंय. त्याला एक आकडा पाठ होता: चंद्राच्या पृष्ठभागाचं तेज दर चौरस फुटाला २५० कँडल. आता हिशोब बघा. चंद्र फोटोत उजळ हवा, पण त्यातले डाग टिकायला हवेत. म्हणून त्याला मध्यम करड्यापेक्षा दोन पायऱ्या वर ठेवायचं. एक पायरी म्हणजे निम्मं किंवा दुप्पट. २५० चे निम्मे १२५, त्याचे निम्मे सुमारे ६०. फिल्मची संवेदनशीलता ६४, तिचं वर्गमूळ ८. अ‍ॅडम्सच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे एफ ८ ला शटर सेकंदाचा साठावा भाग. भिंगावर गडद पिवळा फिल्टर होता, तो तिप्पट उजेड मागतो, म्हणून विसावा भाग. पण त्याला छिद्र एफ ३२ इतकं बारीक हवं होतं; एफ ८ पासून तिथवर चार पायऱ्या, म्हणजे सोळापट वेळ. सोळा भागिले वीस, जवळपास एक सेकंद.

त्याने एक सेकंद दिला. खात्रीसाठी दुसरी प्रत घ्यावी म्हणून फिल्मचा होल्डर उलटा केला, तोवर क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' या चित्राची निगेटिव्ह ती एवढी एकच.

आयएसओ, अ‍ॅपर्चर आणि शटर ही शिकाऊ माणसाला धडकी भरवणारी त्रिमूर्ती या हिशोबात सगळी आली आहे. तिघांत मला अ‍ॅपर्चरचं फार कौतुक वाटतं.

१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२, ३२. हे आकडे पहिल्यांदा पाहिले की कुणाच्या तरी लहरीने लिहिल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात दर आकडा आधीच्याला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने, गुणून येतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं हे सातवी-आठवीत घोकलेलं असतंच. व्यास १.४१४ ने भागला की क्षेत्रफळ बरोबर निम्मं, उजेडही निम्मा. आणि आकडा मोठा तर भोक लहान, असं का? कारण तो छेद आहे. एफ ३२ म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराचा बत्तिसावा हिस्सा. अ‍ॅडम्सचं भिंग २३ इंची होतं, म्हणजे ५८४ मिलिमीटर. त्याचा बत्तिसावा भाग १८ मिलिमीटर. फोनचं भिंग सहा-सात मिलिमीटरचं, त्याचं एफ १.८ चं छिद्र साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. 'बारीक' एफ ३२ चं भोक 'मोठ्या' एफ १.८ पेक्षा पाचपट रुंद निघालं! तरी फिल्मवर पडणारा उजेड एफच्या आकड्यावरच ठरतो, कारण लांब भिंग तोच उजेड जास्त जागेवर पसरवतं. राक्षसी कॅमेरा असो की खिशातला फोन, एफ ८ चा अर्थ उजेडाच्या दृष्टीने एकच.

अ‍ॅडम्सला एवढं बारीक छिद्र कशासाठी हवं होतं, हे चष्मा घरी विसरलेल्या माणसाला विचारा. लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचताना तो डोळे किलकिले करतो. समोरच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण भिंगाच्या सबंध रुंदीवर पडतात आणि शंकूसारखे निमुळते होत एका टोकाला मिळतात. ते टोक फिल्मवर नेमकं टेकलं तर बिंदू बिंदूच राहतो. मागेपुढे पडलं तर त्याची चकती होते. अशा हजारो चकत्या एकमेकींवर चढल्या की चित्र धूसर होतं. भोक बारीक केलं की शंकू सडपातळ होतो आणि चकती इतकी लहान राहते की डोळा तिला बिंदूच समजतो. हर्नांडेझच्या पुढ्यातली झुडपं, मधली घरं आणि मागचे डोंगर हे सगळं एकदम रेखीव हवं तर इलाज हाच. लग्नात नवरीच्या चेहऱ्यामागची गर्दी विरघळवायची असेल तर उलट: भोक मोठं, शंकू जाड. फोनचं भिंग इतकं लहान असतं की त्याचा शंकू कायमच बारीक. म्हणून पोर्ट्रेट मोडमधली ती मागची धूसरता बहुतांशी गणिताने रंगवलेली असते.

शटरची जादू तर दिसून येते. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेरने बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. भर वर्दळीचा रस्ता, घोडागाड्या, माणसं. फोटोत रस्ता ओस. तेव्हाची छायाचित्राची प्लेट इतकी मंद होती की काही मिनिटं उजेड द्यावा लागे, आणि तेवढ्या वेळात चालता माणूस कुठेच पुरेसा थांबत नाही. उरला तो एकटा, पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेणारा. नाव-गाव कुणालाच माहीत नसलेला हा गृहस्थ छायाचित्रात उमटलेला, आपल्याला माहीत असलेला पहिला माणूस ठरला, तोही पॉलिशसाठी उभा राहिला एवढ्याच पुण्याईवर.

याच्या अगदी विरुद्ध खेळ १९१२ साली आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी केला. लंडनहून आणलेला कॅमेरा त्यांनी कुंडीसमोर रोखला, कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज एक चौकट टिपत गेले. पट्टी पडद्यावर चालवली तेव्हा अंकुर पाहता पाहता वर सरसरला. 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा लावणाऱ्यांना हेच दाखवलं. काही मिनिटांचा वेळ एका चित्रात कोंबला तर गर्दी नाहीशी होते, आणि महिनाभराचा वेळ चौकटी-चौकटींनी वेचला तर न दिसणारी वाढ दिसते; दोन्हीकडे यंत्राने केलं ते एकच, भोक उघडलं आणि मिटलं. आजच्या साध्या फोनमध्येही सेकंदाचा हजारावा भाग मिळतो. तेवढ्यात पावसाचा थेंब हवेत थिजतो, आणि प्रकाश जातो ३०० किलोमीटर: मुंबईहून निघून सरळ रेषेत कोल्हापूरपर्यंत.

आयएसओबद्दल थोडक्यात. तो वाढवल्याने कॅमेरा जास्त उजेड गोळा करत नाही. गोळा झालेल्याला फुगवून दाखवतो. फुगवल्यावर जे रवे दिसतात त्यांचा सगळा दोष आपण यंत्राला देतो. खरं तर प्रकाशच कणाकणांनी येतो. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडायचे असतील तर शेजारी-शेजारी प्रत्यक्षात ९१, १०८, ९७ असे पडतात. चढउतार दहाएक, म्हणजे १० टक्के. कण १०,००० असतील तर चढउतार शंभराचा, म्हणजे १ टक्का, आणि डोळ्याला कळतही नाही. मंद उजेडातल्या फोटोतला तो खरखरीतपणा पाहताना आपण बऱ्याच अंशी प्रकाशाचाच दाणेदारपणा पाहत असतो, आणि कुठलीही कंपनी तो मुळापासून काढू शकणार नाही.

आता गच्चीवर परत जायचं तर फोनच्या प्रो मोडमध्ये आयएसओ १०० ठेवा. एफ ११ च्या मानाने एफ १.८ चं छिद्र ३७ पट उजेड घेतं, म्हणून शटर कागदोपत्री १/३७०० येतं. आपल्या हवेतलं बाष्प आणि धूळ बराच उजेड खातात, चंद्र खाली असेल तर आणखीच. १/१००० पासून सुरुवात करून शटर जलद करत न्यावं. ससा दिसेल. पण फार लहान दिसेल, आणि इथून पुढचा प्रश्न सेटिंगचा राहत नाही, रचनेचा होतो.

चंद्र आभाळात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. हात लांब करून करंगळी धरली तर तो तिच्याआड आरामात लपतो. क्षितिजाजवळ तो परातीएवढा वाटतो तो आपल्या मेंदूचा खेळ. कॅमेरा त्याला फसत नाही. कुठल्याही भिंगातून पडणारी चंद्राची आकृती नाभीय अंतराच्या साधारण एकशेदहाव्या हिश्श्याएवढी असते. अ‍ॅडम्सच्या निगेटिव्हवर पाचेक मिलिमीटर. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात काही डझन पिक्सेल, संपलं. मग देवळाच्या कळसामागे भलाथोरला चंद्र असलेले फोटो येतात कुठून? तोच एकशेदहाचा आकडा उलटा वापरायचा. ३ मीटर उंचीचा कळस ३३० मीटर अंतरावरून अर्ध्या अंशाचा दिसतो, अगदी चंद्राएवढा. तिथून लांब भिंगाने घ्या, कळस आणि चंद्र तोडीस तोड. कळसापासून तीस मीटरवर उभं राहिलात तर कितीही महाग कॅमेरा आणा, चंद्र टिकलीएवढाच राहणार. नवशिका झूमच्या बटणाला हात घालतो. जाणता माणूस आधी शेताच्या बांधावरून मागे मागे चालत जातो.

तिथीही महत्त्वाची. अ‍ॅडम्सचा चंद्र पौर्णिमेचा नव्हता. पौर्णिमेला दोन दिवस बाकी होते; आपल्या पंचांगाने म्हणाल तर कार्तिक शुद्ध त्रयोदशीच्या सुमाराचा तो चंद्र. ऐन पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो. तो नीट वर येईतो जमीन काळवंडते आणि चंद्र दुपारच्या उन्हातच असतो. दोघांना एका सेटिंगमध्ये बसवणं मुश्किल होऊन बसतं. त्रयोदशी-चतुर्दशीला तो सूर्य असतानाच वर आलेला असतो, जमिनीवर अजून ऊन असतं, आणि दोघांचा हिशोब एका चौकटीत जुळतो. पंचांग हे छायाचित्रकाराचं हत्यार आहे, असं मी शिकाऊ मंडळींना सांगतो तेव्हा ती हसतात.

चौकटीचे तीन-तीन भाग पाडून महत्त्वाची वस्तू रेषांच्या छेदावर ठेवायची, हा नियम सगळे शिकवतात. चित्रकलेच्या संदर्भात जॉन टॉमस स्मिथ नावाच्या इंग्रजाने तो १७९७ साली लिहून ठेवला. सुरुवातीला उपयोगाचा आहे. त्याने निदान प्रत्येक माणूस चौकटीच्या मधोमध बसवण्याची खोड मोडते. पण 'मूनराइज'मधला चंद्र कुठल्याच छेदबिंदूवर नाही. वरचा मोठा भाग निव्वळ काळं आभाळ. त्यात लहानसा चंद्र. त्याखाली ढगांचा आडवा पट्टा, मग बर्फाची शिखरं, आणि अगदी तळाशी मातीच्या भिंतींची घरं, छोटं चर्च, पांढरे क्रूस. कुणीही आभाळ कातरून चंद्र मोठा केला असता. अ‍ॅडम्सने तो लहानच ठेवला, म्हणून नजर त्या पांढऱ्या ठिपक्यावरून खालच्या पांढऱ्या ठिपक्यांवर उतरते आणि मधली सगळी उंची जाणवते. ती काळी पोकळी ही चित्रातली सर्वांत मोठी वस्तू आहे.

आणि ती पोकळी त्या संध्याकाळी नव्हती! निगेटिव्हमध्ये वरच्या आभाळातही फिकट ढग आहेत. डार्करूममध्ये कागदावरचा तो भाग जास्त वेळ उजेडाखाली धरून अ‍ॅडम्सने ते ढग काळोखात बुडवले. निगेटिव्हचा खालचा भाग विरळ होता, त्यावर त्याने १९४८ मध्ये रसायनाची प्रक्रिया करून क्रूस आणि घरं ठसठशीत केली. आयुष्यभरात या एका निगेटिव्हच्या हजाराहून जास्त प्रती त्याने स्वतःच्या हाताने काढल्या, आणि जसजसा म्हातारा होत गेला तसतसं आभाळ काळं होत गेलं. फोटोवर संस्करण करणं म्हणजे फसवणूक, असं ठासून सांगणाऱ्यांनी सुरुवातीची एक प्रत आणि नंतरची एक प्रत शेजारी शेजारी ठेवून पाहावी. मघाशी मी चंद्राचे तपशील पदरचे भरणाऱ्या फोनवर नाक मुरडलं होतं. फरक कुठे, तर अ‍ॅडम्सने जे होतं ते गडद-फिकट केलं; नव्हतं ते आणलं नाही. ही रेघ पुसट आहे हे मान्य.

छिद्र किती, शटर किती, फिल्टर कुठला, हे अ‍ॅडम्सला नीट आठवत होतं. तारीख मात्र त्याने लिहूनच ठेवली नाही. कधी १९४०, कधी १९४४, अशी वेगवेगळी सालं त्या चित्राला चिकटली. शेवटी खगोलशास्त्रज्ञांनी चित्रातल्या चंद्राची जागा, त्याची कला आणि मागचे डोंगर यांवरून उलटा हिशोब मांडला. १९८० च्या सुमाराला डेव्हिड एलमोर यांनी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. पुढे डेनिस डी चिको यांनी कॅमेऱ्याची जागा आणि गणित दोन्ही नव्याने तपासून १९९१ मध्ये उत्तर दुरुस्त केलं: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटं.